खोलीचं भाडं आणि निर्धास्तपणाची किंमत : गे टुरिझमचं अर्थकारण

२३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी जोडप्यांना कायदेशीर लग्न करता येतं. बातमी आली तेव्हा बहुतेकांचा अंदाज एकच होता, की आता तिथल्या गे हॉटेलांची, बारची आणि सहल कंपन्यांची चांदी होणार. त्याच वर्षी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कच्या प्राइड (गे समुदायाच्या वार्षिक) मिरवणुकांचे आयोजक मात्र सांगत होते की जुने प्रायोजक मागे सरकलेत. डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली आणि परदेशी सहलींची कोटेशनं नव्याने काढावी लागली. कायदे अनुकूल होत असताना धंदा अडचणीत कसा, हे कोडं त्यामुळे पडतं. खान्देशातल्या वाचकाला तर त्याच्याही आधीचा प्रश्न पडतो : असा वेगळा धंदा हवाच कशाला? खोली ती खोली, गाडी ती गाडी.

या प्रश्नापासूनच सुरुवात करू. बाकीची बरीच उत्तरं त्याच्या पोटात आहेत.

गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं?

गे टुरिझम म्हणजे गे, लेस्बियन आणि ट्रान्सजेंडर प्रवाशांना डोळ्यासमोर ठेवून चालवलेली हॉटेलं, होमस्टे, बार, सहल कंपन्या, क्रूझ आणि महोत्सव. नाव सोयीचं आहे, म्हणून पुढेही तेच वापरू.

आता जळगाव स्टेशनसमोरच्या एखाद्या लॉजचं रजिस्टर डोळ्यासमोर आणा. नाव, वय, पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, कामाचं स्वरूप, सोबत किती जण, त्यांच्याशी नातं. दोन पुरुष आले तर मॅनेजर नात्याच्या रकान्यात न विचारताच ‘मित्र’ लिहितो आणि किल्ली पुढे सरकवतो. सोनं, कापूस, केळी, कोर्टाची तारीख अशा कामांसाठी दोन पुरुष एका खोलीत उतरणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट. गाडी अडते ती त्यांनी दोन कॉटऐवजी एक डबल बेड मागितल्यावर. दोन बायका आल्या की ‘सोबत कोणी नाही का?’ हा प्रश्न येतो. ट्रान्स व्यक्तीच्या आधारवरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळला नाही की मॅनेजर मालकाला फोन लावतो. आणि खान्देशात एक जादा अडचण आहेच : आडनाव सांगितलं की ‘कुठले पाटील?’, गाव सांगितलं की मामाची ओळख निघते.

हे प्रश्न विचारले जाणार नाहीत, नाव बाहेर जाणार नाही, सकाळी चहा घेऊन आलेला पोरगा चेहऱ्यावर काही आणणार नाही, याची हमी हाच या धंद्याचा खरा माल. खोली त्याच्यासोबत येते.

ही हमी तयार करायला खर्च येतो. हॉटेलात माणसं टिकत नाहीत, म्हणून काउंटरवरचा प्रत्येक नवा माणूस पुन्हा शिकवावा लागतो. भरवशाचा ड्रायव्हर हातचा जाऊ नये म्हणून गिऱ्हाईक नसतानाही त्याला काहीतरी बांधून द्यावं लागतं. गट लहान ठेवावे लागतात. गाइडचे दिवसाचे ३,००० रुपये धरले, तर ४० जणांच्या बसमध्ये माणशी ७५ रुपये पडतात आणि १० जणांच्या गटात ३००. प्रवेशापासून जेवणापर्यंत असंच होत जातं. त्यामुळे गे सहल नेहमीच्या सहलीपेक्षा महाग दिसते ती काही केवळ नफेखोरीमुळे नव्हे.

रिकामी रात्र साठवता येत नाही

रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हा भाग समजवावा लागणार नाही. घड एकदा कापला की बऱ्हाणपूरला बोली कितीही खाली येवो, तो परत झाडाला लावता येत नाही. मिळेल त्या भावाला जातो किंवा सडतो. हॉटेलच्या खोलीची रात्र तशीच असते. मंगळवारी रिकामी राहिलेली खोली बुधवारी दोनदा विकता येत नाही. खर्च मात्र खोली भरो न भरो, बहुतेक तसाच चालू राहतो.

एक हिशोब मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत. सहा खोल्यांचा होमस्टे. महिन्याचा ठरलेला खर्च असा : कर्जाचा हप्ता ४५,०००, तिघांचे पगार ४२,०००, वीज-पाणी-इंटरनेट १५,०००, दुरुस्ती १०,०००, परवाने-विमा-हिशोबनीस ८,०००. एकूण १,२०,०००. खोलीचं भाडं २,५००. बुकिंग वेबसाइटचं कमिशन साधारण १५ ते २५ टक्के असतं. १८ टक्के धरले तर ४५० गेले. नाश्ता, धुलाई, साबण, गरम पाणी यांचे ६०० गेले. हातात राहिले १,४५०.

१,२०,००० ला १,४५० ने भागा : ८३ रात्री. महिन्यात सहा खोल्यांच्या मिळून १८० रात्री होतात, म्हणजे ४६ टक्के भरल्या की धंदा ना नफा ना तोटा यावर येतो. बऱ्या दिवसांत ६० टक्के, म्हणजे १०८ रात्री भरल्या तर मालकाला ३६,६०० सुटतात. गिऱ्हाईक एक तृतीयांशाने घटलं आणि ७२ रात्रींवर आलं की १५,६०० चा खड्डा पडतो. गिऱ्हाईक तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं, पण नफा थेट तोट्यात गेला.

अशा वेळी मालकाचा हात पहिल्यांदा सवलतीकडे जातो. भाडं २,००० केलं तर कमिशन ३६० होतं, नाश्ता-धुलाईचे ६०० तेच राहतात, हातात उरतात १,०४०. आता तोट्यातून बाहेर यायलाच ११६ रात्री लागतात. बऱ्या दिवसांत भरत होत्या त्यापेक्षाही जास्त! साध्या हॉटेलला सवलतीचा थोडाफार उपयोग होतो, कारण लग्नाचं वऱ्हाड, कंपनीची मीटिंग, देवदर्शनाची बस असं दुसरं गिऱ्हाईक खेचता येतं. फक्त गे प्रवाशांवर चालणाऱ्या जागेचं गिऱ्हाईकच मर्यादित. भाव पाडला म्हणून ते वाढत नाही, तेच लोक कमी पैशात राहून जातात. मंदीच्या काळात या एका चुकीने जागा बुडू शकते.

करांचा भागही इथेच उरकू. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाला खोली स्वस्त झाली. पण या ५ टक्क्यांत इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय नाही. नव्या गाद्या, एसी, गीझर यांवर भरलेला कर आता मालकाच्याच खिशातून. जुन्या, बसलेल्या हॉटेलला हे चालून जातं. ज्याने नुकतंच नूतनीकरण काढलंय त्याला ते बोचतं.

रुपया घसरला की सहल लांबणीवर का पडते?

खान्देशातला गे तरुण सहलीला जातो तो बहुधा लांब. गावातलं गिऱ्हाईक गावात उतरत नाही, कारण मामाची ओळख. २०२४ मध्ये जळगाव-गोवा विमान सुरू झालं. भुसावळहून मुंबईला गाड्या तर रात्रंदिवस आहेत, आणि तिथून पुढे बँकॉक. भारतातून थायलंडला गेलेल्यांचा आकडा २०२४ मध्ये २० लाखांच्या वर होता. व्हिसाची अट भारतीयांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये शिथिल झाली, त्याचाही यात वाटा आहे.

आता चलन बघा. २०१९ मध्ये एक बाट साधारण सव्वादोन रुपयांना पडायचा. २०२५ च्या अखेरीस तो पावणेतीनच्या वर गेला. तिथे आठवडाभरात १०,००० बाट खर्च करणाऱ्याला पूर्वी साडेबावीस हजार पुरायचे, आता साडेसत्तावीस हजारांहून जास्त लागतात. थायलंडमध्ये त्या हॉटेलवाल्याने एक पैसाही भाव वाढवलेला नसतो.

त्यात टीसीएस. परदेशी सहलीचं पॅकेज एजंटकडून घेतलं की तो सरकारसाठी किमतीवर आगाऊ कर वसूल करतो, तो हा टीसीएस. १ ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के असा दर लागला, १ एप्रिल २०२५ पासून ७ लाखांची मर्यादा १० लाख झाली आणि १ एप्रिल २०२६ पासून सरसकट २ टक्के दर ठरला. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी विचारून घ्यावेत. रिटर्न भरताना हा पैसा वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकून राहतो. विमान आणि हॉटेल वेगवेगळं, स्वतःच बुक केलं तर ते पॅकेज ठरत नाही. म्हणून तरुण मंडळी मोबाइलवरच बुकिंग उरकतात आणि मार बसतो तो लहान गे सहल कंपनीला. त्या बिचारीने ओळखीचं हॉटेल, ओळखीचा ड्रायव्हर, आजारपणात नेता येईल असा डॉक्टर हे सगळं जमवून ठेवलेलं असतं.

याहून मोठा तडाखा कोविडने दाखवला. थायलंडमध्ये २०१९ साली जवळजवळ ४ कोटी परदेशी पर्यटक आले होते. २०२१ मध्ये ते सव्वाचार लाखांच्या आसपास उरले. बँकॉकच्या सिलोम भागातल्या गल्ल्या, जिथे गे बार दाटीने आहेत, बऱ्याच अंशी पर्यटकांवर चालतात. अशा ठिकाणी स्थानिक गिऱ्हाईक आधी जपलेलं नसेल तर संकटात ते अचानक उभं राहत नाही.

‘पण या लोकांकडे पैसा भरपूर असतो ना?’

हा आक्षेप हमखास येतो. दोघं कमावणारे, पोरंबाळं नाहीत, ट्यूशनची फी नाही, मग सहलीला पैसाच पैसा. इंग्रजी जाहिरात जगात याला ‘पिंक मनी’ म्हणतात आणि त्यावरून हा धंदा मंदीप्रूफ असल्याचं अनेक वर्षं सांगितलं गेलं.

या समजाचं मूळ अमेरिकेतल्या बाजार-पाहण्यांत आहे. प्रश्नावल्या गेल्या त्या गे मासिकांच्या वर्गणीदारांना. जो माणूस उघडपणे असं मासिक घरी मागवू शकतो, तो शहरात राहणारा, शिकलेला, बऱ्या पगाराचा असण्याची शक्यता आधीच जास्त. अशा मोजक्या लोकांची मिळकत सगळ्यांना लावली गेली. अर्थतज्ज्ञ ली बॅजेट यांनी १९९५ मध्ये व्यापक नमुन्यावरून हिशोब केला, तेव्हा सारखं शिक्षण आणि अनुभव असलेल्या इतर पुरुषांपेक्षा गे पुरुषांची कमाई ११ ते २७ टक्के कमी निघाली. संभाव्य कारणं : नोकरीत डावललं जाणं, बढती हुकणं. वर गाव सोडून महागड्या शहरात राहावं लागतं, तो खर्च वेगळाच.

आपल्याकडे त्यात घरची भर पडते. लग्न न केलेल्या मुलावर आईबापांची, कधी भावाच्या पोरांच्या शिक्षणाची जबाबदारी जास्तच येते; ‘तुला कुठे संसार आहे’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. शेतीच्या वाटणीतून बाजूला काढलेलेही असतात. बायकांच्या जोडप्याच्या घरात तर येणारे दोन्ही पगार बायकांचे, म्हणजे बाजारात आधीच कमी धरलेले. फक्त स्त्रियांसाठीच्या जागा आणि सहली सगळ्यात थोड्या आहेत आणि सगळ्यात आधी बंद पडतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

श्रीमंत गे प्रवासी असतो हे खरंच आहे. पण तोच गृहीत धरून सगळ्या खोल्या पाच हजारांच्या वर ठेवणारा मालक पहिल्या मंदीत बंद पडतो.

चांगले दिवस आले की धंदा का बसतो?

कोड्याचा खरा गाभा इथे आहे. निर्धास्तपणा हाच माल असेल, तर तो दुर्मीळ असेपर्यंतच त्याला किंमत. समाज मोकळा झाला, मोठ्या हॉटेल साखळ्यांनी आपल्या काउंटरवरच्या पोरांना दोन तासांचं प्रशिक्षण दिलं, की तोच माल दुसरीकडे फुकट मिळू लागतो. वर तिथे पोहण्याचा तलाव आणि पुढच्या मुक्कामासाठी जमा होणारे पॉइंट्स.

लंडनचे आकडे बघण्यासारखे आहेत. २००६ मध्ये तिथे सुमारे १२० गे-लेस्बियन बार आणि क्लब होते, २०१७ पर्यंत सुमारे ५० उरले. याच काळात ब्रिटनमध्ये कायदे सुधारत गेले. २०१४ मध्ये इंग्लंडात समलिंगी लग्नंही सुरू झाली. कायदा सुधारल्यामुळेच बार बंद पडले असं मात्र म्हणता येणार नाही. भाडी वाढली, जागांचा पुनर्विकास निघाला, मालकांना त्याच जागेत फ्लॅट बांधणं फायद्याचं वाटलं. गे बार बहुधा शहराच्या स्वस्त, दुर्लक्षित भागात सुरू होतात. त्यांच्यामुळे गल्लीला रौनक येते, मग कॅफे येतात, मग बिल्डर. भाडं परवडेनासं होणारा पहिला भाडेकरू म्हणजे तोच बारवाला.

जागा स्वतःची असली तरी सुटका नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या टोकाला की वेस्ट नावाचं बेट आहे, गे गेस्टहाउसांसाठी प्रसिद्ध. २००० नंतरच्या दशकात तिथे घरांच्या किमती इतक्या वाढल्या की गेस्टहाउस चालवून मिळणाऱ्या नफ्यापेक्षा विकून मिळणारी रक्कम कितीतरी मोठी दिसू लागली. मालक साठीला आलेले, मागे चालवणारं कोणी नाही. बऱ्याच जणांनी विकलं. जळगावात भर बाजारातली जुनी दुकानं पाडून कॉम्प्लेक्स उभी राहतात त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की दुकान गेलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. बेटावरचं एक गेस्टहाउस गेलं की त्या गिऱ्हाइकाचं वर्षातून एकदा भेटण्याचं ठिकाण जातं.

तिसरा घाव मोबाइलचा. ग्राइंडर हे गे पुरुषांच्या भेटीगाठींचं अॅप २००९ मध्ये आलं. त्याआधी परक्या शहरात आपल्यासारखा माणूस भेटायचा तर बार किंवा माहितगार एजंट हाच रस्ता होता, आणि भेटीच्या निमित्ताने दारू, जेवण, तिकीट विकलं जायचं. अॅपने भेट मोफत केली. हॉटेल शोधण्याचं काम बुकिंग वेबसाइटने घेतलं आणि त्याचं कमिशन तिच्याकडे गेलं. उरलं ते फक्त ‘विश्वासाची जागा’ हे नाव. नावावर विजेचं बिल भरता येत नाही.

म्हणजे मंदीत गिऱ्हाईक घटतं आणि सुबत्तेत जागा महागते, स्पर्धक वाढतो. दोन्ही बाजूंनी चिमटा.

अख्खं जहाज घेणाऱ्यांचं गणित

काही कंपन्यांनी यावर वेगळा उपाय काढला. अमेरिकेतली आरएसव्हीपी १९८५ मध्ये सुरू झाली, ऑलिव्हिया ही कंपनी १९९० पासून स्त्रियांसाठी क्रूझ काढते, अटलांटिस १९९१ मध्ये आली आणि तिने २००७ मध्ये आरएसव्हीपी विकत घेतली. या कंपन्या अख्खं जहाज भाड्याने घेतात. प्रत्येक प्रवासी आपलाच, त्यामुळे हमी शंभर टक्के.

जोखीमही शंभर टक्के. जहाजाचा करार बराच आधी होतो, पैसे हप्त्याने द्यायचे आणि केबिन विकल्या न विकल्या तरी भाडं पूर्ण. शेवटच्या दोन महिन्यांत चारशे केबिन रिकाम्या दिसल्या की त्या पडेल भावात काढाव्या लागतात, आणि ज्यांनी आधी पूर्ण पैसे भरले ते पुढच्या वर्षी मुद्दाम थांबतात. भांडवल खोल असलेल्यालाच हा खेळ परवडतो. लहान कंपन्या एक तर गिळल्या जातात, नाही तर जहाजातले पन्नास केबिन घेऊन गटाची सहल काढतात. तेच बरं.

प्रायोजकांचं थोडक्यात. प्राइड मिरवणूक त्या आठवड्यात शहरभरची हॉटेलं भरते, पण तिचा मंच, पोलीस बंदोबस्त, स्वच्छता, विमा यांचा खर्च बराचसा कंपन्यांच्या देणग्यांतून येतो. राजकीय वारं फिरलं की कंपन्यांचा जाहिरात विभाग आधी हीच ओळ खोडतो. प्राइडच्या जून महिन्यात बोधचिन्ह सप्तरंगी करून १ जुलैला उतरवणाऱ्यांकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणंही चूकच. मिरवणूक लहान झाली की तिच्या आधाराने वर्षाचा नफा कमावणारी गेस्टहाउसं कोसळतात.

खान्देशात असा होमस्टे चालेल का?

फक्त गे प्रवाशांसाठी म्हणून? वरचा हिशोब बघता, नाही. सहा खोल्यांच्या ८३ रात्री दर महिन्याला एवढ्याशा गिऱ्हाइकातून भरणं कठीण आहे. आपल्याकडे हंगामही लहान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे चार महिने : भरताच्या पार्ट्या, डिसेंबरात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे. जळगावहून अजिंठा लेणी साधारण ६० किलोमीटर. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना जळगाव-भुसावळला मौजेसाठी कोण येणार? आठ महिन्यांचा ठरलेला खर्च चार महिन्यांच्या कमाईतून काढायचा आहे, हे धरूनच कर्ज घ्यावं.

सगळ्यांसाठी खुला पण गे प्रवाशांना निर्धास्त वाटेल असा होमस्टे मात्र चालू शकतो. गिऱ्हाईक मुंबई, पुणे, नाशिक, इंदूर, सुरतचं. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी स्वस्त आहेत. ऑनलाइन बुकिंगमध्ये ‘एक मोठा बेड की दोन स्वतंत्र’ हा पर्याय सगळ्यांनाच द्या, म्हणजे काउंटरवर बोलायची वेळ येत नाही. ओळखपत्राची प्रत प्रत्येकाकडून घ्या, पण आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालेल हे आधीच कळवा. रजिस्टर काउंटरवर उघडं पडू देऊ नका. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) २४ तासांत ऑनलाइन भरावा लागतो, तो चुकला तर पुढचं सगळं अवघड होतं. पाहुण्यांचे फोटो इन्स्टाग्रामवर विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. अजिंठा सोमवारी बंद असतं, हे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा. सोमवारी पोचलेला पाहुणा वाईट अभिप्राय होमस्टेला देतो, पुरातत्त्व खात्याला नाही.

पहिल्या वर्षी बुकिंग वेबसाइटशिवाय भागत नाही. पण परत येणारा पाहुणा थेट फोनवर बुक करू लागला की रात्रीमागे ४५० वाचतात. त्यातले २०० त्याला सवलत द्या, २५० ठेवा. वरच्या उदाहरणात निम्म्या रात्री थेट आल्या तर तोट्याची रेषा ८३ वरून ७६-७७ रात्रींवर येते. भाव पाडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तोरणमाळचा विचार अनेकांच्या मनात येतो. उंची सुमारे ११५० मीटर, मे महिन्यातही हवा सुसह्य, यशवंत तलाव, सीताखाई. जागा घेण्याआधी एक गोष्ट तपासा : आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकत किंवा भाडेपट्ट्यानेही घ्यायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची, बऱ्याच बाबतींत राज्य शासनाचीही पूर्वपरवानगी लागते. साध्या स्टॅम्पपेपरवर ‘आपसात’ केलेला करार टिकत नाही. स्थानिक कुटुंबाच्याच होमस्टेशी रीतसर ठरवून पाहुणे पाठवणं आणि रात्रीमागे ठरलेला वाटा देणं हा सरळ मार्ग.

‘लोक काय म्हणतील?’ हेही आलंच. कायद्याने अडचण नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. अविवाहित प्रौढांनी हॉटेलात एका खोलीत राहण्यावर बंदी घालणारा कायदाच नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये म्हटलं. शेजाऱ्यांची तक्रार प्रत्यक्षात येते ती रात्रीचा आवाज, पार्किंग आणि कचरा यांवरून. या तीन गोष्टी सांभाळा.

दोघांचा धंदा, एकाचं नाव

दोन पुरुष किंवा दोन बायका मिळून होमस्टे चालवतात तेव्हा एक दबाव असा आहे जो नवरा-बायकोच्या धंद्याला जाणवतच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही. म्हणून कागदावर हे दोघं एकमेकांचे कोणी नव्हेत.

एकाने दुसऱ्याच्या खात्यावर धंद्यासाठी दोन लाख भेट म्हणून टाकले, तर वर्षात ५० हजारांच्या वरची भेट ‘नातेवाईक’ नसलेल्याकडून आली म्हणून सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. पती-पत्नीत असा कर लागत नाही. या तरतुदीला २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. निकाल लागेपर्यंत पैसे भेट म्हणून न देता भागीदारीचं भांडवल किंवा लेखी कर्ज म्हणून, बँकेतूनच द्यावेत. संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला बंधन नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं आहे. शाखेत कोणी अडवलं तर त्या पत्राची प्रत पुढे करा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे मात्र विसरू नका; तो पैसे हातात घेतो, हक्क वारसाचाच राहतो.

मृत्यूनंतरची अडचण सगळ्यात मोठी. जागा एकाच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर ती आईवडील, भावंडं, पुतणे अशा वारसांकडे जाते आणि दहा वर्षं राबलेला जोडीदार रस्त्यावर येतो. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवली तर नंतर भांडणाला जागा कमी राहते. भागीदारी असेल तर १९३२ च्या कायद्याच्या कलम ४२ नुसार एक भागीदार गेला की भागीदारी संपते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आणि दोघांचीच फर्म असेल तर नुसतं ‘फर्म चालू राहील’ एवढं लिहूनही भागत नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. म्हणून करारात लिहायचं ते असं : उरलेला भागीदार धंदा, नाव आणि सामान ताब्यात घेईल, गेलेल्याच्या वारसांना त्याच्या हिश्श्याची किंमत ठरलेल्या पद्धतीने, ठरलेल्या हप्त्यांत देईल. किंमत कशी काढायची तेही तिथेच लिहा, उदाहरणार्थ मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावरून. फर्मची नोंदणी रजिस्ट्रारकडे करा. नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून उधारी वसूल करायला कोर्टात दावा लावता येत नाही. जागा दोघांपैकी एकाचीच असेल तर फर्मच्या नावाने वेगळा नोंदणीकृत भाडेकरार हवा, निदान कर्ज फिटेपर्यंतच्या मुदतीचा.